भेगा भरणारी भिंत

पहिल्यांदा मी हर्षदाच्या कोंबड्यांवर आळ घेतला. घेणारच ना! रोज सकाळी उंबऱ्यापुढे सडा घालावा, रांगोळी काढावी, आणि आत जाऊन चहा पिऊन बाहेर यावं तर रांगोळी गायब. विस्कटलेली नव्हे हं, गायब. हळद जागेवर, कुंकू जागेवर, पांढरी रेघ तेवढी नाही.

"तुझ्या कोंबड्यांना घरी खायला देत नाहीस का गं?" कुंपणापाशी जाऊन मी तिला खडसावलं. "माझ्या दारात येऊन रांगोळी टिपतात मेल्या."

हर्षदा माझी शेजारीण. एरवी मी एक बोलले तर ती चार ऐकवते. त्या दिवशी मात्र नुसती बघत राहिली. मग गाऊनच्या खिशातून तिनं एक अंडं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. ते अंडं हातावर बसकट झालं. कवच नव्हतंच त्याला. पातळ पडद्याच्या आत बलक हलताना दिसत होता.

"आठवडाभर सगळ्या अशीच घालतायत," ती म्हणाली. "स्वप्ने, मला काही बरं वाटत नाहीये हे."

मी तिला उडवून लावलं. माझा स्वभावच तसा. जेवणानंतर विडा लावायला बसले आणि चुन्याची डबी उघडली, तर आत चाटून पुसून लख्ख. कालच भरली होती ती मी. डबीच्या तळाशी कापसाच्या धाग्यासारखं काहीतरी पांढरं चिकटलं होतं. मी ते नखानं खरवडून फेकून दिलं आणि माझ्या खाणावळीत काम करणाऱ्या बायांना उगीच चार शब्द सुनावले.

आता आधी भिंतीबद्दल सांगायला हवं. आमचं मुरवणे गाव खाडीच्या तोंडाशी. समुद्र दर वर्षी पुढे सरकतो, आम्ही मागे सरकायचं तर मागे डोंगर. म्हणून फार पूर्वी सरकारनं किनाऱ्याला काँक्रीटची भिंत घातली होती. जाडजूड, बघूनच धीर यावा अशी. काही वर्षांत तिचे पापुद्रे सुटायला लागले, आतल्या सळ्या गंजून बाहेर आल्या, आणि एका आषाढातल्या उधाणाला ती मधोमध फुटली. पुढच्या आळीतली घरं गेली. शेजाऱ्याची होडी ओढायला धावलेले माझे यजमान गेले. ते सापडले खाडीच्या तोंडाशी, कांदळवनात. माझी रेवा तेव्हा शाळेत होती.

माझा धाकटा दीर प्रथमेश इंजिनिअर. भावाचे दिवस होईपर्यंत तो कुणाशी बोलला नाही. नंतर एकदा माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून म्हणाला, "वहिनी, भिंत समुद्रानं बाहेरून फोडली असं सगळे म्हणतात. खोटं आहे ते. त्यानं ती आतून फुगवली."

"म्हणजे काय भावोजी? मला कळेल असं सांगा."

"समुद्राच्या पाण्यात मीठ असतं तशी सल्फेटंही असतात. पाणी झिरपत काँक्रीटच्या पोटात शिरतं. सिमेंटमध्ये चुना असतो, अ‍ॅल्युमिना असतो. सल्फेट त्यांना जाऊन भिडलं की आत सुईसारखे स्फटिक वाढायला लागतात. त्यांना जागा जास्त लागते आणि काँक्रीट तर ताणत नाही. मग चीर जाते. चिरेतून मीठ लोखंडापर्यंत पोचतं, लोखंड गंजतं, गंजही फुगतो, आणखी चिरा. शेवटी आतला चुना संपतो आणि उरतो तो भुसा. वरून भिंत दिसते धडधाकट."

"मुतखड्यासारखंच की," मी म्हटलं.

"अगदी तसंच," तो म्हणाला, आणि दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच जरासा हसला.

पुढची कित्येक वर्षं त्यानं त्या एका गोष्टीच्या पाठी लावली. नवी भिंत बांधली ती त्यानंच. तिच्या काँक्रीटमध्ये त्यानं बुरशीचे बीजाणू कालवले होते. साधी बुरशी नव्हे, प्रयोगशाळेत वाढवलेली. भिंतीला चीर गेली की ओल आत शिरते, ओलीनं बीजाणू जागे होतात, त्यांना तंतू फुटतात, केसाहून बारीक. ते तंतू आजूबाजूचा चुना आपल्या आम्लात विरघळवतात, वाहून चिरेत आणतात आणि तिथं त्याचा पुन्हा दगड करतात. आपली जखम भरते तशी भिंतीची भेग भरते. लोक बघायला यायचे. प्रथमेश सगळ्यांसमोर छिन्नीनं भिंतीला चीर पाडायचा आणि म्हणायचा, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात तिथं पांढरी रेघ तेवढी उरलेली असायची.

माझं घर भिंतीला सगळ्यात जवळ. भिंत पुरी झाली त्या दिवशी मी तिच्या पायथ्याशी रांगोळी काढली, हळदकुंकू वाहिलं, आणि मग रोजचीच सवय लागली. आधी भिंतीपाशी, मग दारात. माझा नवरा परत येणार नव्हता, पण भिंतीमागे माझी पोर मोठी झाली, पुण्याला शिकली, तिचं लग्न झालं. मी त्या भिंतीला देवच मानत होते, त्यात लपवायचं काय?

तर त्या वर्षी रेवाला दिवस गेले.

विहीणबाईंचा फोन आला. "पुण्यात सगळी सोय आहे हो. दवाखाना हाकेच्या अंतरावर. तिला एवढ्या लांब कशाला नेताय?"

"पहिलं बाळंतपण माहेरी होतं," मी म्हटलं. "माझ्या आईनं माझं केलं, तिच्या आईनं तिचं केलं. आमच्याकडेही दवाखाने आहेत, आम्ही काही झाडावर राहत नाही."

"तसं नव्हतं हो म्हणायचं..."

"मग झालं तर. सातव्यात ओटी भरून पाठवा तिला."

मी मागे हटणारी नव्हतेच. एकटीनं वाढवलेली एकुलती एक पोर! डिंकाचे लाडू, अळीव, नाचणीची खीर, बाळंतविडा, सगळं माझ्या हातानं करायचं होतं मला. रांगोळ्या नाहीशा होत होत्या, अंडी मऊ पडत होती, आणि मी खोलीला रंग काढत होते.

रेवा यायच्या दिवशी शिरगोळ्याची, म्हणजे रांगोळीच्या दगडाची, पूड पाण्यात कालवली आणि गौरी आणताना काढतो तशी पावलं काढली. मुठीची कड टेकवून पाऊल, वर बोटांचे ठिपके. भिंतीच्या पायथ्यापासून अंगण, अंगणातून उंबरा, उंबऱ्यातून माजघर, आणि थेट तिच्या पलंगापर्यंत. माझी गौर यायची होती.

गाडीतून उतरली तेव्हा ती पावलं बघून रडायलाच लागली. "काय गं आई, एवढं कुणी करतं का?"

"मी करते," मी म्हटलं, आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला.

दुसऱ्या दिवशी घरातली पावलं नव्हती. फरशी कोरडी, स्वच्छ. मला वाटलं, रेवानं पुसली असतील. तिला वाटलं, मी पुसली.

मग एका सकाळी मी सडा घालायला बाहेर आले आणि थबकले. रांगोळी काढलेली होती. माझी नेहमीची, कासवाची. मी अजून डबीला हातही लावला नव्हता. खाली वाकून बघितलं तर ती पूड नव्हती. सारवलेल्या जमिनीतून पांढरे तंतू वर आले होते. माझ्या प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक बारीक बोंड, रेघेच्या जागी रेघ. मी रोज जिथं चिमूट सोडते तिथंच. सगळी मांडणी तयार करून काहीतरी माझी वाट बघत बसलं होतं.

माझ्या हातातली डबी खाली पडली. पूड सांडली त्या बाजूला ते तंतू वळले. वाऱ्यानं हलले असतील असं मी स्वतःला सांगितलं. वारा नव्हता.

प्रथमेशला बोलावलं. तो तिथं उकिडवा बसला. माती उकरली तर खाली सगळी जाळी. भिंतीकडून आलेली, माझ्या दाराशी दाट झालेली.

"भावोजी, हे भिंतीतलं आहे?"

"हो."

"ते भिंतीत राहायला हवं ना?"

"समुद्र तापलाय वहिनी. आम्ही धरलं होतं त्याच्या कितीतरी आधी सल्फेटानं भिंतीतला चुना खाल्लाय. हिला भेगा भरायच्यात आणि आत माल उरलेला नाही." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "म्हणून ही बाहेर शोधायला निघालीय. शिंपल्यांचे ढीग, माशांचे काटे, घरांचा गिलावा. रांगोळी म्हणजे तरी काय, चुनखडीची पूड. तुम्ही ती तिला रोज, एकाच जागी, एकाच वेळी घातलीत."

"म्हणजे मी सवय लावली म्हणता?"

तो मातीच उकरत राहिला. ते मला जास्त लागलं.

"माणसांना काही करते का ती?" मी विचारलं.

"नाही. जिवंत हाडाला हात लावत नाही, ते तपासूनच घेतलंय. विहिरीचं पाणी मात्र पिऊ नका. हिचं आम्ल पाण्यात उतरलं असेल तर ते पोटातलं कॅल्शियम अंगाला लागू देत नाही. मी नमुने घेऊन जातो. तोवर रेवाला बाटलीतलं पाणी द्या."

पण रेवा येऊन दीड महिना झाला होता. दीड महिना ती विहिरीचं पाणी पीत होती. मीच प्यायला घालत होते, आमच्या विहिरीसारखं गोड पाणी पुण्यात मिळायचं नाही म्हणून.

त्यानंतरच्या सोमवारी रेवा पलंगावर बसून पाय पुढे करून मला दाखवायला लागली. "आई, बघ ना! तुझ्या तुपानं कमाल केली. टाचांच्या भेगा पार भरून आल्या."

दिवस गेल्यापासून तिच्या टाचा फुटल्या होत्या, चालताना कळ यायची तिला. आता टाच गुळगुळीत होती. पांढरट, थंड, नखानं वाजवली असती तर वाजली असती अशी.

मी तिच्या टाचांना तूप लावलंच नव्हतं.

"काय झालं गं? अशी काय बघतेस?" ती म्हणाली.

"काही नाही. लाडू खा," मी म्हटलं आणि डिंकाचा लाडू तिच्या हातात दिला. तिनं घास घेतला आणि एकदम थांबली. तोंडातून बोटानं काहीतरी काढलं. दाढेचा तुकडा होता. रक्त नाही, दुखणं नाही. खडूसारखा तुटला होता.

 तशीच तिला गाडीत घालून तालुक्याला डॉक्टर खानविलकर बाईंकडे नेलं. बाई तपासून गंभीर झाल्या. "पोटातलं मूल त्याला हवं ते आईच्या हाडांतून ओढून घेतंच, स्वप्नालीताई. म्हणून आपण आईला भरपूर द्यायचं असतं. पण हिच्या हाडांतून एक बाळ नेईल त्यापेक्षा कितीतरी जास्त गेलंय. बाळाची वाढ थांबायला लागलीय आता. काय खायला घालता तिला?"

"सगळं घालते हो," मी म्हटलं.  "नाचणी, दूध, अळीव, सगळं."

"मग ते जातंय कुठं?"

घरी आले. रेवाला माजघरात बसवलं आणि तिच्या खोलीत जाऊन पलंगावरची गादी उचलली.

खालच्या फळ्यांवर एक बाई निजली होती. डाव्या कुशीवर. डोकं, खांदा, कंबर, दुमडलेले गुडघे, सगळं पांढऱ्या तंतूंनी आखलेलं. माझी रेवा झोपते तशीच. अंगभर तंतू विरळ होते. पोटापाशी ते इतके दाट होते की खालची फळी दिसत नव्हती. पलंगाच्या पायाशी फरशीच्या सांध्यांतून वर आले होते ते, आणि मी काढलेल्या पावलांच्या वाटेनं आले होते. प्रत्येक पावलाच्या जागी सांध्यात एक पांढरा पुंजका होता.

मी किंचाळले नाही. रेवा बाहेर होती. गादी परत ठेवली, दार ओढून घेतलं आणि प्रथमेशला फोन केला.

तो आला, त्यानं गादीखाली बघितलं, आणि तिथंच जमिनीवर बसला.

"जिवंत हाडाला हात लावत नाही म्हणालात ना?" मी विचारलं.

"लावत नव्हती. हिला भेग दिसली की भरायची एवढंच ठाऊक आहे, वहिनी. टाचेच्या भेगेतून आत शिरली. भरता भरता हाडापर्यंत पोचली, आणि तिथं तिला चुना सापडला." 

"मारा मग तिला! आत्ताच्या आत्ता. औषध असेल ना काही?"

"मोरचूद पुरे. सुपारीवर मारतो तेच. एका दिवसात मरेल." त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळे लाल झाले होते त्याचे. "पण भिंतीचे नमुने मी बघितलेत. आता तिथं भिंत अशी काही उरलीच नाहीये. काँक्रीटचा भुसा झालाय आणि हिच्या तंतूंनी तो धरून ठेवलाय. हिला मारलं तर पहिल्या उधाणाला भिंत जाईल. हिच्या मागे नवी भिंत बांधायची म्हणून मी कागद हलवलेत, पण त्याला वर्षं लागतील. तोवर हे सगळं गाव..."

 उधाणात गेला तो त्याचाही दादा होता.

"तिला इथून दुसरीकडे वळवता येतं का?" मी विचारलं.

"जिथं माल जास्त तिथं ती जाते. घरातला चुन्याचा कण न् कण काढायचा आणि बाहेर मेजवानी मांडायची. शिंपल्यांचा भाजलेला चुना, पोती भरून, भिंतीच्या पायथ्याशी. इथून तिथपर्यंत एक पट्टा ओढायचा. पण ती नव्या वाटेला लवकर वळत नाही. दिवस जातात. आणि तोपर्यंत रेवानं इथून निघायचं नाही. तिच्या टाचेतली बुरशी या जाळीशी बांधलेली आहे, आधी ती सोडवावी लागेल."

"तिला ओळखीची वाट हवी," मी म्हटलं.

"हो."

"मग पावलंच काढायला हवीत."

त्याला आधी कळलं नाही. कळल्यावर तो चुन्याची पोती मागवायला उठला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर प्रथमेशनं माणसं लावून भिंतीशी चुना टाकला. मी पातेलंभर चुना कालवला आणि रेवाच्या पलंगापाशी गुडघ्यावर बसले. मुठीची कड टेकवली. पाऊल उमटलं. बोटांचे ठिपके दिले, ते दाराच्या दिशेनं.

हर्षदा मदतीला आली होती. तिनं बघितलं आणि माझा हातच धरला. "अगं, शुद्ध आहे का तुला? पावलं बाहेर जाताना काढतेस? लक्ष्मीची? आणि घरात गर्भारशीण बसलीय!"

"सोड हात."

"अभद्र असतं स्वप्ने, असं कुणी करत नाही!"

"कुणी करत नाही ते ठाऊक आहे मला!" मी ओरडले. "माझी पोर जगायला हवी. लक्ष्मी जाऊ दे कुठं जायची ती!"

तिनं हात सोडला. थोड्या वेळानं गुपचूप माझ्या शेजारी बसली आणि बोटांचे ठिपके द्यायला लागली. आम्ही दोघींनी पलंगापासून माजघर, माजघरातून उंबरा, उंबऱ्यातून अंगण असं करत भिंतीपर्यंत पावलं काढली. बाहेर जाणारी.

मग रेवाला उंबऱ्याशी खुर्चीत बसवून तिचे पाय मी मोरचुदाच्या कोमट पाण्यात धरले. निळं पाणी, त्यात तिच्या पांढऱ्या टाचा. पहिल्यांदा काही झालं नाही. मग टाचेतून खपल्या सुटायला लागल्या, अंड्याच्या टरफलासारख्या. खाली तिच्या जुन्या भेगा होत्या. त्यांतून रक्त आलं.

"दुखतंय गं आई," ती रडत म्हणाली. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की काय सांगू. कालपर्यंत त्या टाचा दुखतही नव्हत्या.

"काकी, ते बघा," हर्षदाचा मुलगा दारातून म्हणाला.

पलंगापाशी काढलेलं पहिलं पाऊल पुसलं जात होतं. कुणी हात लावत नव्हतं. ओला कागद शाई पितो तसं खालून काहीतरी त्याला पीत होतं. आधी टाच गेली, मग तळवा, मग एकेक बोट. मग दुसरं पाऊल. मग तिसरं. आमच्यासमोरून, भर सकाळी, उन्हात, कुणीतरी न दिसणारं माझ्या घरातून बाहेर चालत गेलं. माजघर ओलांडलं. उंबऱ्यावर जरा रेंगाळलं. रेवा बसली होती त्या खुर्चीपाशी घरातल्या शेवटच्या पावलाची करंगळी पुसायला वेळ लागला, आणि मी मनात म्हणत होते, जा बाई, जा, तुझं पोट तिकडे भरेल. मग अंगणातली पावलं जायला लागली.

तेवढ्यात जावई गाडी घेऊन आलेच. प्रथमेशनंच बोलावून घेतलं होतं.

"आई, तू मला हाकलतेस?" पायांना फडकी बांधलेली रेवा दारात उभी राहून म्हणाली. "माहेरी बाळंतपण करणार होतीस ना? लाडू केलेस, दुपटी शिवलीस..."

"सगळं गाडीत ठेवलंय. दुपटी मोरचुदात बुडवून उकळलीत, पण ती वापरू नकोच. विहीणबाई नवी शिवतील."

"तूही चल मग."

"येते ना. बारशाला येते. तू आधी नीघ."

तिला कवेत घ्यावंसं वाटत होतं. घेतलं नाही. माझे पायही रोज त्याच अंगणात असतात, हे माझ्या डोक्यात आलं होतं. गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी उंबऱ्यावर बसून पोटभर रडले.

मुलगी झाली. वेळेवर झाली, वजनानं बरी झाली, ओरडणारी झाली. विहीणबाईंनी फोनवर सांगितलं, "सगळी हाडं भक्कम आहेत हो! आणि रेवाची भरून येतील म्हणतात डॉक्टर. तुम्ही काळजी करू नका." मी त्यांना मनापासून नमस्कार सांगितला. मला वाईट बोलायला येतं तसं चांगलंही येतं.

बारशाला निघाले होते मी. पाय मोरचुदात बुडवून, नव्या चपला घालून. त्या सकाळपासून मी भिंतीशी रोज घालत होते तो चुना आता प्रथमेश घालणार होता. सकाळी त्यानं माझ्याच जागी, माझ्याच वेळी रांगोळीसुद्धा काढली, वेडीवाकडी. बस घाट चढत होती तेव्हा हर्षदाचा फोन आला.  तंतूंनी चुन्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. ते माझ्या दारापर्यंत गेले होते, मग घरभर फिरले होते, आणि मग कुंपण ओलांडून तिच्या घरात शिरले होते. तिची सून नुकतीच बाळंत होऊन आली होती. पाळण्याच्या खाली पांढरं दिसत होतं.

मी बस थांबवायला लावली आणि मागे फिरले. अंगणात येऊन नुसती उभी राहिले, अनवाणी. थोड्या वेळानं हर्षदा बाहेर आली आणि म्हणाली, "गेलं गं. पाळण्याखालचं गेलं."

"असं का होतं भावोजी?" मी विचारलं. "मी काय निराळी आहे?"

"माहीत नाही, वहिनी," प्रथमेश म्हणाला. "घामातलं मीठ असेल. उभं राहायची सवय असेल. खरंच माहीत नाही. माझी नवी भिंत होईपर्यंत..." आणि त्यानं माझ्या पायांना हात लावून नमस्कार केला. मला ते आवडलं नाही. मेलेल्या माणसाला करतात तसा वाटला तो.

बारसं मी फोनवर बघितलं. पाळणा, गोविंद घ्या, गोपाळ घ्या, सगळं. नाव ठेवलं मैत्रेयी. रेवानं तिला स्क्रीनच्या अगदी जवळ धरलं. तिच्या एवढ्याशा टाचा दिसल्या, गुलाबी, एकही रेघ नसलेल्या.

"आई, सव्वा महिन्यानं मी हिला घेऊन येते," रेवा म्हणाली. "आजीच्या घरी पहिल्यांदा यायचं ना हिनं."

"यायचं नाही," मी म्हटलं.

"म्हणजे? कधी येऊ मग?"

"मी सांगेपर्यंत नाही. हिनं इथं पाऊल टाकायचं नाही, रेवा. शपथ घाल तुझ्या लेकीला माझी."

ती रागावली. तिनं फोन ठेवला. रागावू दे. रागावलेली बरी.

पाऊस सुरू झाला, उधाणं येऊन गेली, भिंत पांढरीशुभ्र उभी आहे. लाट आपटली की तिचा आवाज येतो, भरीव. गाव झोपतं निवांत. मी रोज सकाळी चुन्याचं पातेलं घेऊन बाहेर येते. आता कासवाची मांडणी माझी वाट बघत नसते. जिथं मी उभी राहते तिथं दोन पावलं उमटलेली असतात. गौरीची नाहीत. डाव्या पायाची करंगळी वाकडी आहे त्यांची, लहानपणी पाटा पडून माझी वाकडी झाली तशी.

माझ्या टाचांना आयुष्यभर भेगा होत्या. आता एकही नाही. मैत्रेयीच्या टाचांसारख्या झाल्यात, फक्त थंड आहेत. भाकरी थापताना परवा मनगट मोडलं, तेही दुखलं नाही. मोरचुदाची बाटली फडताळात आहे. मी ती उघडत नाही.

अंगणात जाते, त्या दोन पावलांवर माझी पावलं ठेवते. बरोबर बसतात. मग पुण्याच्या दिशेला पाठ करून म्हणते, "इकडे ये गं बाई. मी आहे इथं."